एन माझा, के कावळ्यांचा

आमच्या गुढियारी मोहल्ल्यात आता हे तुम्हाला कोणीही सांगेल, आणि तिखटमीठ लावून सांगेल. म्हणून म्हटलं, चहा उकळतो आहे तोवर माझ्याच तोंडून ऐका. खाल्लेल्या मातीची चव खाणाऱ्यालाच नीट ठाऊक असते.

मी नीलकंठ देशकर. सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या एका कारखान्यात केमिस्ट आहे. म्हणजे भट्टीतून माल निघाला की नमुना माझ्याकडे येतो. त्या पाळीवर जो माणूस असेल त्याच्या नावाचं पहिलं अक्षर मी मार्करनं पुडीवर टाकतो आणि त्यात लोखंड किती उतरलं ते काढतो. सत्तावीस वर्षं हेच करून राहिलो आहे. माझ्या हातून पुडी बदलली असं एकदाही झालेलं नाही, आणि हे मी लोकांना न विचारता सांगत असतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी भट्टीजवळ उभा असताना एक ठिणगी कॉलरमधून आत गेली. हरभऱ्याएवढं भाजलं. आठ-दहा दिवसांत जखम भरली. पण भरली ती भरतच राहिली. हरभऱ्याचा वाल झाला, वालाचा चिंचोका झाला, आणि काही वर्षांत खांद्यावर करंगळीएवढा लालसर, गुळगुळीत उंचवटा आडवा पडलेला. उन्हाळ्यात अशी खाज सुटायची की मी बसमध्ये भनपुरीपासून घरापर्यंत खांबाला खांदा घासत यायचो. डॉक्टर म्हणाले, याला केलॉइड म्हणतात, काढून टाकू.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सरकारी दवाखान्यात पांढरा कोट घातलेली एक मुलगी फॉर्म घेऊन आली. तिचं नाव ऋचा. तात्यापाऱ्यातल्या मराठी घरातली, पण इथल्या बऱ्याच पोरापोरींसारखी. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. तिनं सांगितलं की उद्या जो तुकडा कापून निघेल तो एरवी कचऱ्यात जातो, तो तिला संशोधनाला द्या. ती त्यातल्या पेशी वाढवणार होती.

मी विचारलं, वाढवणार म्हणजे कशात? कुंडीत?

ती हसली नाही. म्हणाली, "नहीं अंकल, डिब्बी में."

आता मला सांगा, तुमच्या खांद्याचा तुकडा तुमच्याशिवाय दुसरीकडे जगणार आहे, असं कोणी सांगितलं तर तुम्ही सही करून गप्प बसाल? मी नाही बसलो. ती म्हणाली, नमुन्यावर नाव नसतं, फक्त खूण असते. मी म्हटलं, नाव नको, पण मला ते बघायचं आहे. तिनं तिच्या मॅडमना विचारून कळवते म्हटलं. दीड महिन्यानं खरंच फोन आला.

लॅब म्हणजे एक छोटी, थंडगार खोली. शरीराएवढी ऊब ठेवणारं एक कपाट होतं, त्यात चपट्या बाटल्या, आणि बाटल्यांत पातळ गुलाबी सरबतासारखं पाणी. हेच त्यांचं जेवण. ऋचानं एक बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला बघायला सांगितलं.

मंडळी, मी आयुष्यभर काळे खडे बघितले आहेत. इथं लांबट, निमुळत्या टोकांच्या शेकडो मासोळ्या एका दिशेनं तोंड करून शांत पडलेल्या होत्या. मी श्वास रोखला. मग हळूच खांदा उचलून बघितला, त्या हलतात का म्हणून. नाही हलल्या. ऋचानं ते पाहिलं असावं.

मग तिनं समजावून सांगितलं, आणि फार छान सांगितलं. म्हणाली, प्रत्येक पेशीत सगळं पुस्तक असतं. जिभेच्या पेशीत तेच, तळपायाच्या पेशीत तेच. त्यातलं एक पान कोलॅजेनचं. कोलॅजेन म्हणजे कातडी, हाडं, सगळं बांधून ठेवणारा दोरा. जखम झाली की पेशीला निरोप येतो, ते पान उघड. पेशी त्या पानाच्या चिठ्ठ्या उतरवते, आणि चिठ्ठ्या वाचून दोरा विणला जातो. जखम भरली की दुसरा निरोप येतो, आता बस. ऋचा मोजत होती त्या चिठ्ठ्या. किती उतरल्या, कोणत्या औषधानं वाढल्या, कोणत्या औषधानं थांबल्या.

मी विचारलं, निरोप तर शरीर देतं, डबीत शरीर कुठं आहे? ती म्हणाली, निरोप मीच थेंबाथेंबानं टाकते. मी विचारलं, पुस्तक सगळीकडे तेच आहे, तर तळपायाला जन्मभर ठेचा लागूनही तिथं असे गोळे काहून येत नाहीत?

"इसका पूरा जवाब अभी किसी के पास नहीं है, अंकल."

काय सुख वाटलं म्हणता. आमच्या कारखान्यात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं. इथं एक शिकलेली मुलगी सरळ सांगत होती की ठाऊक नाही, तेच तर शोधते आहे. मी मग प्रश्नांचा असा धडाका लावला की ती पुढं काय सांगत होती ते अर्धंमुर्धंच माझ्या कानावर पडलं. दोन प्रकारच्या पेशींची तुलना चालू आहे, एवढं ऐकलं. मी समजून चाललो की तुलना दोन पेशंटांची आहे.

आणि तेवढ्यात बाटल्यांवर नजर गेली. मार्करनं लिहिलेलं. काही बाटल्यांवर एन, काहींवर के.

एन. नीलकंठ. नाव लिहीत नाही म्हणते, पण पहिलं अक्षर तर टाकलंच ना. माणूस नमुन्यावर दुसरं काय टाकणार? मी खात्री करून घेतली हो, तेवढा काही मी कच्चा नाही. ती पाठमोरी उभी राहून, हातात नळी धरून थेंब टाकत होती. मी विचारलं, "हा एन आपलाच ना?"

ती न वळताच म्हणाली, "हाँ अंकल, सब अपने ही हैं."

झालं. माझ्या बाजूनं शिक्का बसला.

वर्षभर फोन करून करून मी तिच्याकडून एक आलेख मिळवला. मोबाईलवर चार खांब. कोलॅजेनच्या चिठ्ठ्या थांबवणारं एक औषध दोघांना दिलेलं. एनचा खांब औषधापूर्वी बेताचा, औषधानंतर निम्म्याहून खाली. केचा खांब आधीच उंच, आणि औषध दिल्यावरही जवळजवळ तेवढाच. म्हणजे एनला बस म्हटलं की तो बसत होता. के-ला कोणी काहीही सांगो, त्याचं विणणं चालूच.

मी तो आलेख सुमनला दाखवला. सुमन म्हणजे माझी बायको, बोलणं कमी, काम जास्त. मी म्हटलं, बघ, तू मला उठसूट हेकट म्हणतेस, इथं मशीननं मोजून दिलं आहे. माझ्या पेशी ऐकतात.

तिनं चष्मा लावून आलेख पाहिला आणि म्हणाली, "अहो, हे के म्हणजे तं..."

मी म्हटलं, के कोण ते मला काय ठाऊक, असेल कोणी बिचारा. आणि पुढं अर्धा तास तिला चिठ्ठ्यांचं समजावून सांगितलं. तिनं दोनदा तोंड उघडलं होतं, असं आता आठवतं. तेव्हा वाटलं, जांभई देत असेल.

तुम्ही म्हणाल, अरे केमिस्ट, गोळा तुझ्या खांद्यावर आला, औषध तुझ्या पेशींना एवढं पटकन मानवत असतं तर गोळा आलाच कशाला? हा प्रश्न मला पडला होता. मी त्याचं उत्तरही काढलं होतं. माझ्या पेशी मुळात शहाण्या, कारखान्याच्या धुरानं बिघडल्या होत्या. शुद्ध हवेत, गुलाबी सरबत पिऊन सुधारल्या. माणूस एकदा चुकीच्या रस्त्याला लागला की त्याला पुरावे कमी पडत नाहीत.

राहिला के. आणि तो शोधायचा किडा माझ्या डोक्यात शिरला.

आमच्या कारखान्यात भट्टीवरच्या पाळीचे प्रमुख आहेत कावळे. आडनाव केवरून. आवाज असा की भट्टी बंद असली तरी चालू आहे असं वाटावं. आणि मागच्या हिवाळ्यात त्याच दवाखान्यात त्यांनी कानामागची गाठ काढून घेतली होती. आता तुम्हीच जोडा. मी जोडलं.

मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, माणसाला त्याच्याबद्दल एवढी मोठी गोष्ट ठाऊक नसावी, हे बरोबर नाही. कॅन्टीनमध्ये ते एकटे सापडले, तसा मी समोर बसलो आणि फार हळुवारपणे सांगितलं की तुमच्या पेशी मी पाहून आलो आहे. घाबरायचं कारण नाही, फक्त त्या थांबत नाहीत. औषध दिलं तरी वाढतच आहेत.

कावळ्यांच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. त्यांनी विचारलं, म्हणजे कॅन्सर काय? मी म्हटलं छे, छे, कॅन्सर नाही, नुसतं थांबत नाही. जरा राग कमी करा, बघा उतरतं का.

दुसऱ्या दिवशी कावळे कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. कळलं की दवाखान्यात रक्त तपासायला गेले आहेत, आणि घरी नाशिकच्या मुलीला बोलावून घेतलं आहे. मला थोडं चुकचुकल्यासारखं झालं. पण मी स्वतःला समजावलं, वेळेवर सांगितलं म्हणून तपासणी तरी झाली.

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी आमच्या मोहल्ल्यातल्या मराठी मंडळात ऋचाचं भाषण ठेवलेलं होतं. ठेवलं कोणी? मीच. पन्नास-साठ माणसं, पंखे, सामोसे, आणि माईक. पाहुणीची ओळख पाच मिनिटांत करून द्यायचं काम माझ्याकडे. मी पंचवीस मिनिटं बोललो.

पुस्तक, पान, चिठ्ठ्या, सगळं तिचं मीच सांगून टाकलं. माझा केलॉइड केवढा होता ते बोटानं मापून दाखवलं. मग एन आणि के. एनचं कौतुक करताना मी आवाज मुद्दाम खाली ठेवला, स्वतःबद्दल बोलताना नम्र असावं माणसानं. पण केवर आलो आणि रंगलो. म्हटलं, मंडळी, हा के बघा. निरोप येतो, बस. हा ऐकतच नाही. औषध देतात, ऐकत नाही. सांगणारे सांगून थकतात, याचं चालूच. मी तर म्हणतो, ज्याच्या पेशी अशा, तो माणूस घरात कसा असेल? त्याच्या घरचे त्याला कसे सोसत असतील?

लोक हसले. दुसऱ्या रांगेत सुमननं हात वर केला. मला वाटलं तिला पाणी पाहिजे. मी माझ्यासमोरची बाटली खाली उतरवून तिच्यापर्यंत पोचवायला सांगितली आणि पुढं चालू ठेवलं. तिनं पुन्हा हात वर केला. मी म्हटलं, प्रश्न शेवटी.

मग मागून कावळे उठले. ते आले आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. चार दिवसांत माणूस उतरला होता. नेहमीचा आवाज नाही, काही नाही. ऋचाकडे बघून म्हणाले, "मॅडम, एकच इचारतो. तो के माझा हाय का?"

ऋचा गोंधळली. तिनं विचारलं की आपने कभी हमें सैंपल दिया था क्या. कावळ्यांनी कानामागची गाठ सांगितली. ती म्हणाली, नाही, तशी गाठ आमच्याकडे येतच नाही, आणि या अक्षरांचा कोणाच्या नावाशी काही संबंध नाही.

"के मतलब केलॉइड, अंकल. और एन मतलब नॉर्मल. जिनको ये तकलीफ़ है ही नहीं."



कावळे खाली बसले. डोळे मिटून घेतले, दोन्ही हात जोडले. मग त्यांनी डोळे उघडले आणि त्यांचा तो भट्टीवरचा आवाज परत आला. "मंग देशकरभाऊचं कोनतं?"

ऋचा म्हणाली, कोणता नमुना कोणाचा ते मी सांगू शकत नाही, नियम आहे. बिचारीनं नियम पाळला. पण नियम पाळून उपयोग काय? दहा मिनिटांपूर्वी मी माझा केलॉइड बोटानं मापून दाखवलेला. पन्नास-साठ जण माझ्या खांद्याकडे बघत होते.

मी स्टेजवरून उतरलो आणि कावळ्यांजवळ गेलो. त्यांचा हात धरून म्हटलं की माझ्याकडून फार मोठी चूक झाली, मी तुम्हाला चार दिवस फुकट घोर लावला. ते म्हणाले, मी धडधाकट आहे हे ऐकून एवढं बरं वाटून राहिलं आहे की तुमच्यावर चिडायला उद्यापासून सुरुवात करतो. ती त्यांनी केली, अजून चालू आहे.

ऋचा फार गुणी पोरगी. माझा चेहरा बघून ती माईकवर म्हणाली की के-ला वाईट समजू नका, आपलं सगळं काम त्याच्याच जिवावर चाललं आहे. एनला थांबणं येतं, त्याच्याकडून थांबलेलं कसं दिसतं तेवढं कळतं. पण थांबणं बिघडतं कुठं, निरोप पोचत नाही का पोचून वाचला जात नाही, ते फक्त केच सांगू शकतो.

हे ऐकून माझ्यात पुन्हा जीव आला. खरंच, काय प्रश्न आहे बघा. निरोप पोचतच नाही, की पोचतो पण आत कोणी वाचत नाही? मी परत स्टेजवर चढलो, माईक ओढला आणि म्हटलं, तर मंडळी, मी तेच सांगत होतो की खरा महत्त्वाचा तो के. एवढंच बोलणं झालं. मंडळाच्या सचिवांनी माईकची वायर काढली.

घरी आलो. सुमननं साडी बदलली, गॅसवर चहा ठेवला. मी ओट्याजवळ स्टूल ओढून बसलो. एरवी मी बोलत असतो, त्या दिवशी पाच मिनिटं गप्प होतो. मग विचारलं, "तुले ठाऊक होतं काय?"

"हव."

"केव्हापासून?"

ती म्हणाली, तिचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून. ते माझ्या ऑपरेशनच्या दोन महिने आधीचं, त्याच दवाखान्यात. तेव्हा हीच मुलगी तिच्याकडेही फॉर्म घेऊन आली होती. टाके घालताना जी जास्तीची कातडी निघेल, ती द्या म्हणाली. धडधाकट कातडी पाहिजे होती तिला, केलॉइडच्या शेजारी ठेवून बघायला. एन काय, के काय, ते तिनं सुमनला कागदावर काढून दाखवलं होतं. सुमननं विचारलं काहीच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. मी तेव्हा वॉर्डाच्या बाहेर नर्सबाईंना भट्टी कशी चालते ते समजावून सांगत होतो.

मी म्हटलं, म्हणजे तो शहाणा एन...

"माझाच असेल असं नाई," ती म्हणाली. "आणखी दोघीतिघींचं घेतलं होतं म्हणे."

मी हिशेब केला. दीड वर्ष. दीड वर्ष ही बाई एकाच घरात राहून मला सगळं ऐकवू शकत होती. मी विचारलं, "मंग मले सांगितलं काहून नाई?"

तिनं चहा गाळला, कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "सांगणारच होते. तुम्ही बोलून राहिले होते."